कानाच्या मशीनची खंडेनवमी

संध्याकाळी सहाच्या सुमारास अण्णा कारखान्यात जायला निघत. चपला घालण्याआधी ते आईच्या खाटेजवळ थांबत, उजव्या कानामागचं मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवत, आणि मग आमचं काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. मागांच्या शेडमध्ये मशीनचा उपयोग नव्हता. तिथल्या खडखडाटात ते लावलं तर डोकं फुटतं, असं ते म्हणत. सकाळी रातपाळी संपवून आले की हात पुढे करत, मी डबी उघडून मशीन देई. मधले बारा-तेरा तास ते माझ्याकडे असे.

ते साफ करायची एक रीत होती. कानाची मशीनं विकणाऱ्या दुकानातल्या सरांनी ती एकदा दाखवली होती आणि मशीनबरोबरच्या कागदावर छापलेलीही होती. कानात बसणाऱ्या पारदर्शक तुकड्याला सर मोल्ड म्हणत. तो नळीसकट मशीनपासून सोडवायचा, कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचा फेस करून त्यात बुडवायचा, भोकातला मळ जुन्या मऊ ब्रशने काढायचा. नळीत पाण्याचा थेंब अडकला तर फुंकून बाहेर घालवायचा. मशीनला मात्र ओलं बोटही लावायचं नाही. ते कोरड्या चिंधीने पुसायचं, उलटं धरायचं आणि खालून ब्रश फिरवायचा, म्हणजे धूळ आत न जाता खाली पडते. सेलचं दार उघडं ठेवायचं. मग घट्ट झाकणाच्या डबीत निळ्या खड्यांच्या पुडीशेजारी ते ठेवून द्यायचं. ते खडे दमटपणा ओढून घेत आणि गुलाबी होत. गुलाबी झाले की मी ते एका मोडक्या तव्यावर तापवून पुन्हा निळे करायची. सकाळी सगळं जोडून, सेल घालून मूठ बंद केली की मशीन शिट्टी मारी. खाटेवरून आई विचारी, "वाजलं का गं?" मी म्हणे, "वाजलं." मगच ती डोळे मिटायची.

अण्णा जाऊन चार महिने झाले. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्याकडे बोराएवढं नवं मशीन होतं, आणि ते सुकवायला विजेची पेटी होती. ती पेटी मी अजून उचलून ठेवलेली नाही. लोक भेटायला येतात, वय झालं होतं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण मला लिहायचं आहे ते त्या पहिल्या मशीनबद्दल, कारण ते माझ्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्यांत राहायचो. आजूबाजूला सगळे माग, टॉवेल आणि चादरींचे. आमच्या भिंतीला लागूनच एक शेड होती. तिथे माग सुरू झाले की मांडणीवरच्या वाट्या थरथरत, आणि लोडशेडिंगमुळे ते थांबले की तान्ही मुलं दचकून उठत. अण्णा तरुणपणी करमाळ्याकडच्या गावातून आले, मागावर बसले आणि पुढे माग दुरुस्त करणारे जॉबर झाले. धाग्यांनी त्यांना पगार दिला आणि मागांनी कान घेतले. शेडमधल्या सगळ्यांचंच तसं होतं. तिथे माणसं ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत, त्यामुळे आपण बहिरे झालोय हे कळायलाही वर्षं जात. आई म्हणायची, "बहिरा झाला म्हणून टिकला. न्हाईतर माझी कटकट ऐकून कवाच करमाळ्याला पळून गेला असता." अण्णा तिच्या ओठांकडे बघून म्हणत, "आलं ऐकू. सगळं आलं."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आईच्या किडन्या गेल्या. मोठ्या दवाखान्यात महिनाभर ठेवून त्यांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, हे अण्णांना त्या गर्दीत ऐकू आलं नव्हतं. मीच ते व्हरांड्यात त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि बाकावरच्या सगळ्या लोकांनी आमच्याकडे वळून पाहिलं. त्यानंतर अण्णांनी मालकाकडून कायमची रातपाळी मागून घेतली. दिवसा मी कॉलेजात असताना ते आईच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपत, मशीन कानात ठेवूनच. मोल्डने कानात जखम झाली तरी काढत नसत. आईचा आवाज तोवर अगदी बारीक झाला होता. तोंड सुजलेलं आणि कोरडं, ओठ नीट हलत नसत, त्यामुळे ओठांवरून वाचणंही बंद झालं होतं. पाणी हवंय, कूस वळवायचीय, श्वास लागलाय, हे तिने सांगितलं तर त्यांना कळायचं ते त्या मशीनमधूनच. पण एवढंच नव्हतं. दुपारी मी घरी यायची तेव्हा दारातच मला आतलं बोलणं ऐकू यायचं. आई थांबून थांबून काहीतरी सांगत असायची, अण्णा हसत असायचे. आयुष्यभर एक मागांच्या आवाजात आणि दुसरी चुलीपाशी, असं राहिलेली ती दोन माणसं आईला घरी आणल्यानंतरच्या चार महिन्यांत एकमेकांशी बोलायला लागली होती. मी आत गेले की गप्प व्हायची. मला त्याचा थोडा रागही यायचा, हे आता लिहायला हरकत नाही.

नवरात्र आलं. देवापाशी घट बसला, त्यातलं धान वीतभर वाढलं. आईने खाटेवरूनच माझ्याकडून कडाकण्या करून घेतल्या. "पातळ लाट. आणखी. तुझ्या हातची कडाकणी देवीच्या दाताला लागंल," ती म्हणाली. तिला त्यातलं काहीच खाता येत नव्हतं. मीठ बंद, पाणीही मोजून. शेजारच्या लक्ष्मीअक्का तेलुगू, त्यांच्याकडे फुलांची उतरंड रचून बायका रोज संध्याकाळी फेर धरत आणि गात. आई ते ऐकत पडायची.

खंडेनवमीला अण्णा सकाळी कारखान्यातल्या मागांची पूजा करून आले आणि आपली हत्यारांची पिशवी पाटावर मोकळी केली. नट आवळायचे पाने, कात्री, चिमटा, मागावर आडवा धागा नेणारा एक गुळगुळीत झालेला जुना धोटा. सगळं रॉकेलने धुऊन, पुसून त्यांनी ओळीत मांडलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विसावा द्यायचा, हे त्यांच्याकडे फार कडक होतं. एका वर्षी खंडेनवमीला आईने चुकून त्यांच्या कात्रीने दोरा कापला, तर ते दिवसभर जेवले नव्हते. झेंडूची फुलं वाहून झाल्यावर त्यांनी कानामागचं मशीन काढलं आणि धोट्याशेजारी ठेवलं.

मी हातानेच विचारलं, हे कशाला?

"वर्सभर राबतंय. आज त्येला बी सुट्टी."

मी ओरडून म्हटलं, "रोज रात्री झोपतंच की ते!"

"ती झोप. सुट्टी न्हवं ती." ते हसत होते. "आज मी घरात, तू घरात. तुझी आई हाक मारंल तर तू हायस की."

मी आईकडे पाहिलं. तिने हाताने असू दे अशी खूण केली. "देवाचं हाय. एक दिस काय हुतंय," ती म्हणाली. अण्णांनी मला हळदीकुंकवाचं तबक दिलं, कारण आईनंतर घरातली बाई मीच होते. मी करंगळीशेजारचं बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि एकेका हत्याराला लावत गेले. मशीनपाशी आले तेव्हा थांबले. धूळ, भुकटी, ओल यांपासून दूर ठेवा, हे त्या कागदावरचं वाक्य मीच अण्णांना वाचून दाखवलं होतं. पण माझ्याकडे बघून अण्णा किती दिवसांनी असे हसले होते. मी सगळ्यात वरच्या, जरा फुगीर जागेवर मध्यभागी छान गोल टिकली लावली. आवाज आत जायचं बारीक छिद्र तिथेच होतं. रोज ब्रश फिरवत होते त्या जागेवर.

दुपारी आईचा चेहरा बदलला. तो कसा बदलला हे मला सांगता येणार नाही, पण मी पाहिला आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती म्हणाली, "ह्येंना बोलीव. जवळ बसायला सांग. मला बोलायचंय."

मी अण्णांना हलवलं. आईकडे बोट केलं, तोंडाकडे केलं. ते उठले, पाटावरचं मशीन उचलायला गेले आणि हात मागे घेतला. मग जमिनीला डोकं टेकलं, मशीनला नमस्कार केला आणि माझ्या हातात दिलं. "जोड," म्हणाले. मी सेल घातला, मूठ बंद केली. शिट्टी वाजली नाही. नवा सेल घातला. वाजली नाही. टिकली वाळून छिद्रात घट्ट बसली होती. मी उलटं धरून ब्रश फिरवला, तर वरची लाली गेली, आतली तशीच राहिली. आई मागून म्हणत होती, "वाजलं का गं?" त्या हाकेनेच माझं भान गेलं असावं. मी मोरीपाशी उजेडात गेले, शिवणाची बारीक सुई घेतली आणि छिद्रातलं कुंकू टोकरलं. कुंकू बाहेर येत नव्हतं, आत जात होतं. मी थोडा जोर करून टोचली तेव्हा आत काहीतरी कागदासारखं फाटल्याचं बोटाला जाणवलं.

मी सुई परत रिळात खोचली आणि बाहेर येऊन मान हलवली. अण्णा खाटेवर वाकले आणि कान आईच्या तोंडापाशी नेला. मी दाराच्या बाहेर गेले. त्या दोघांचं बोलणं मी तोवर कधी जवळ थांबून ऐकलं नव्हतं, आणि तेव्हा तर मला तिथे उभं राहवत नव्हतं. पलीकडे लक्ष्मीअक्कांकडे बायका फुलं रचता रचता गात होत्या. मी उंबऱ्याशी पाठमोरी उभी राहून रडत होते, त्या सुईसाठी. मग मागे वळले तर अण्णा माझ्याकडेच बघत होते.

"न्हाय आलं गं मला," ते म्हणाले. आईला म्हणाले की मला, कळलं नाही. "परत सांग की. जरा मोठ्यानं."

आईने पुन्हा ओठ हलवले. अण्णांनी कानामागे हात धरला. पुन्हा मान हलवली. मी आत गेले, खाटेशी बसले आणि म्हटलं, "आई, मला सांग. मी अण्णांच्या कानात ओरडून सांगते."

तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. दारात लक्ष्मीअक्का येऊन उभ्या होत्या. "काय झालं अम्मा? एवढं कोण ओरडतंय?" त्या विचारत होत्या. आईने पदर तोंडावर ओढला.

"तुझ्या तोंडनं नगं," ती म्हणाली. "मशीन नीट करून आण. मग सांगती."

मी तशीच दुकानाकडे गेले. बंद. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने सांगितलं, परवा उघडेल. सर राहतात कुठे, तर जुळे सोलापूरला, पाण्याच्या टाकीमागे. तिथवर जाऊन घर सापडेना, अंधार पडला, परत आले. दसऱ्याच्या सकाळी पुन्हा गेले आणि चार बिल्डिंगा चढून उतरून शेवटी सापडलं. सरांच्या पत्नी दारातच म्हणाल्या, "अहो आज दसरा आहे. उद्या या ना दुकानात."

"उद्यापर्यंत आई..." मी म्हटलं. त्या बाजूला झाल्या.

सरांनी जेवणाच्या टेबलावरची श्रीखंडाची वाटी सरकवली, भिंग लावून पाहिलं. "कुंकू ना? दसऱ्याला एखादं येतंच असं. स्कूटरला हार घाला हो, ह्याला कशाला?" ते हसत होते. मग हसायचे थांबले. "आणि हे काय? आत कुणी सुई घातली?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी भिंगावरून माझ्याकडे एकदा पाहिलं. "हे आता माझ्याकडे होण्यासारखं नाही. पुण्याला पाठवावं लागेल." मी उठले नाही. नुसती बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पत्नीला सांगितलं, आलोच, आणि स्कूटरवर मला मागे बसवून दुकानापर्यंत आले. अर्धं शटर उचलून आत वाकून गेले आणि लोकांना लावून दाखवायला ठेवलेलं एक मशीन आणलं. अण्णांचा मोल्ड त्याला जोडला, आवाज पूर्ण वाढवला. "मुठीत धरा," म्हणाले. माझ्या मुठीत ते इतक्या जोरात किंचाळलं की रस्त्यावरचा माणूस थांबला.

घरी पोहोचले तेव्हा दुपार होऊन गेली होती. शेजारपाजारची माणसं सोनं द्यायला येऊन गेली होती; खाटेच्या पायथ्याशी आपट्याची पानं पडली होती. आईचे डोळे अर्धे मिटलेले होते. सकाळपासून ती बोलली नाही, लक्ष्मीअक्का म्हणाल्या, पाणी पण घेईना. अण्णा खाली बसले होते. मी मशीन त्यांच्या कानात बसवलं. मोल्ड नीट बसेना, तो शेवटी त्यांनीच फिरवून बसवला. ते आईवर वाकले.

"सांग आता," ते म्हणाले. "आलंय मशीन. सांग की. येतंय मला ऐकू."

आईने काही सांगितलं नाही. अण्णांनी तिला दोनदा, तीनदा हाक मारली, तिच्या नावाने. त्यांना तिचं नाव घेताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी कान तिच्या तोंडाशी नेला आणि हात वर करून आम्हाला गप्प राहायची खूण केली. लक्ष्मीअक्का गप्प झाल्या. सुट्टी असल्यामुळे मागही गप्प होते. अण्णा ऐकत राहिले. मला वाटलं ती बोलतेय. मी पुढे झाले तेव्हा कळलं की ते तिचा श्वास ऐकत होते. तो घरघरत आत जायचा, थांबायचा, आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. ते तसेच बसून राहिले, मान वाकडी करून, दिवेलागण झाली तरी. त्या संध्याकाळी मी मशीन मागितलं नाही, आणि त्यांनी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास त्यांनी मान सरळ केली. आम्हाला कुणालाच तोवर कळलं नव्हतं.

ट्रायलचं मशीन मी तेराव्यानंतर सरांना नेऊन दिलं. कोमट पाणी, साबण, कोरडी चिंधी, सगळं करून. पुण्याहून अण्णांचं मशीन दुरुस्त होऊन आलं, आणि पुढची कितीतरी वर्षं मी ते रोज साफ केलं. लग्न झाल्यावर शेजारच्याच गल्लीत राहिले, ते त्याचसाठी, असं माझे मिस्टर थट्टेने म्हणत. अण्णा परत दिवसपाळीला गेले. माझ्याशी ते कमी बोलत. खंडेनवमीला हत्यारं मांडत, पण मला कधी तबक दिलं नाही, स्वतःच कुंकू लावत. मला वाटलं त्यांना सुईचं कळलं आहे. सरांनी सांगितलं असेल, किंवा मशीन बघून त्यांचं त्यांनाच कळलं असेल. यंत्रात काय मोडलं आणि कशाने, हे ओळखण्यातच त्यांचा जन्म गेला होता. मी सांगायचं ठरवायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची. त्यांना ऐकू येत होतं तोवर मी सांगितलं नाही, आणि ऐकू येत राहावं म्हणून रोज रात्री ब्रश घेऊन बसत होते.

यंदा श्रावणात ते अंथरुणाला लागले. एका दुपारी मी त्यांच्या कानात मशीन बसवत होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"सुमे, आता तरी सांग. काय म्हनली हुती ती?"

"कोण?"

"तुझी आई. खंडेनवमीला. मला आलं न्हाय. तू दारात हुतीस."

मी म्हटलं, "अण्णा, मला पण नाही आलं. मी पाठमोरी होते. पलीकडे गाणी चालली होती. मला काहीच ऐकू आलं नाही."

"रडत हुतीस की," ते म्हणाले. "मी बघितलं. मला वाटलं, वंगाळ काय तरी बोलली असंल मला. म्हणून सांगत न्हाईस. इतकी वर्सं."

"नाही अण्णा. मी रडत होते ते दुसऱ्यासाठी." आणि मग मी सगळं सांगायला लागले, टिकलीपासून. मोरीपाशी गेले, रिळातली सुई घेतली, छिद्रात घातली, आत फाटलं ते बोटाला कळलं, सरांना नाही म्हणाले. सुईचं ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर आधीपासून ठाऊक असल्याचं काहीच उमटलं नाही. ते त्यांना ठाऊक नव्हतंच, हे मला तेव्हा दिसलं. मी बोलत राहिले. तुमची चूक नव्हती, सुट्टी दिली म्हणून नव्हे, माझ्यामुळे, असं मी दोनदा म्हटलं असेन.

अण्णांनी माझं मनगट सोडलं. हात हळूहळू कानापर्यंत नेला, मशीन काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मी अजून बोलत होते.